बाटली जर्मनीत, पाइंट ब्रिटनमध्ये

मँचेस्टरचं प्रोजेक्ट संपवून म्युनिकला बदली झालेल्या मराठी माणसाच्या तक्रारी ठरलेल्या असतात. रविवारी दुकानं बंद, बँकेची सगळी पत्रं जर्मनमध्ये, आणि 'इथे धड बिटर मिळत नाही हो!' उलट दिशेने गेलेल्यांचं रडगाणंही तयारच असतं. बिअर कोमट, वर फेस नाही आणि पैसे मात्र दुप्पट. तक्रार दोघांचीही खरी आहे. फक्त दोघंही नको तिथे शोधत असतात.

जर्मन बिअर बाटलीत चांगली टिकते. ती क्रेटने घरी आणायची, फ्रिजमध्ये ठेवायची आणि हवी तेव्हा उघडायची. ब्रिटिश एलचं, म्हणजे बिटर जिच्यात मोडते त्या बिअरचं, तसं नाही. तिचं शेवटचं शिक्षण पबच्या तळघरात होतं आणि ती तिथेच प्यावी लागते. त्यामुळे जर्मनीत पाय दुकानाकडे वळवायचे आणि ब्रिटनमध्ये पबकडे. एवढं केलंत तरी निम्मं काम झालं. दोन्हीकडच्या बिअरची तुलना करायची असेल तर मात्र आणखी थोडे कष्ट आहेत. त्याकडे नंतर येऊ.

जर्मनीत: क्रेट आणि अनामत

सुपरमार्केटमध्ये बिअर असतेच, पण खरी निवड असते ती 'गेट्रेंकेमार्क्ट' म्हणजे फक्त पेयं विकणाऱ्या दुकानात. गोदामासारखी जागा, छतापर्यंत रचलेले क्रेट, आणि एका कोपऱ्यात रिकाम्या बाटल्या गिळणारं यंत्र. क्रेटमध्ये बहुतेकदा अर्ध्या लिटरच्या वीस बाटल्या असतात. बहुतेक दुकानांत क्रेटमधून सुटी बाटलीही काढून घेता येते. नव्या माणसाने सुरुवातीला तेच करावं. आठ-दहा वेगवेगळ्या बाटल्या उचलाव्यात आणि आवडलेल्या बिअरचा क्रेट पुढच्या खेपेला आणावा.

पावतीवर 'फांड' नावाची वेगळी रक्कम दिसली की दचकू नका. ती बाटलीची अनामत. साध्या काचेच्या बाटलीला 8 सेंट, तारेच्या झाकणाच्या बाटलीला 15, कॅनला 25 आणि रिकाम्या क्रेटला 1.50 युरो. वीस साध्या बाटल्यांच्या क्रेटमागे 3.10 युरो अडकतात आणि बाटल्या परत केल्या की तेवढेच सुटतात. यंत्र जी चिठ्ठी देतं ती काउंटरवर वटवायची असते. ती खिशात ठेवून पँट धुवायला टाकणारे आपल्यातही पुष्कळ आहेत.

आता काय उचलायचं? जर्मनीत 'राष्ट्रीय' बिअर शोधू नका, गाव बघा. बव्हेरियात असाल तर हेलेस घ्या. सोनेरी, मऊ, जवाच्या गोडीची आणि कडवटपणा बेताचा असलेली ही बिअर श्पाटेन ब्रुअरीने 1894 मध्ये म्युनिकमध्ये आणली. आज आउगुस्टिनर किंवा टेगर्नझेअर ही त्यातली भरवशाची नावं. उत्तरेकडे गेलात की तोंड कोरडं करणारी पिल्स लागते. येफर हे त्यातलं टोक, पहिल्या घोटाला कडू वाटेल. कोलोनमध्ये क्योल्श 200 मिलिलिटरच्या उभट ग्लासात येते आणि ग्लासावर बिअरमॅट ठेवेपर्यंत वेटर न विचारता पुढचा ग्लास आणून ठेवत राहतो. आणि बांबेर्गला गेलात तर शलेंकर्लाची राउखबिअर घ्याच. तिचा माल्ट बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला असतो. पहिला ग्लास बहुतेकांना आवडत नाही. दुसरा मागवून बघा.

वाइसबिअर, म्हणजे गव्हाची बिअर, पुणे-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीमुळे आपल्याकडे अनेकांना माहीत झाली आहे. केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो ती हीच. त्यात केळं नसतं आणि लवंगही नसते, दोन्ही वास यीस्टचे. ती ओतायची एक रीत आहे. उंच ग्लास थंड पाण्याने विसळून ओलाच ठेवायचा, तिरपा धरायचा आणि बाटली हळूहळू रिकामी करत आणायची. तळाला दोन बोटं उरली की थांबायचं, बाटली गोल फिरवून तळचा गाळ हलवायचा आणि तो गढूळ ऐवज शेवटी फेसाच्या मधोमध सोडायचा. गाळ ठेवून दिलात तर अर्धी चव बाटलीतच राहिली म्हणून समजा.

बव्हेरियातल्या बिअर गार्डनविषयी एक गोष्ट आपल्या फार सोयीची आहे. टेबलक्लॉथ नसलेल्या टेबलांवर घरचं खाणं आणून खाण्याची तिथे परंपरा आहे, आणि 1999 च्या बव्हेरियन नियमावलीतही ती नमूद आहे. बिअर तेवढी त्यांची घ्यायची. डब्यात थालीपीठ आणि लोणी घेऊन जा, कोणी भुवया उंचावणार नाही. उलट शेजारच्या टेबलावरचे आजोबा काय आहे म्हणून विचारतील.

ब्रिटनमध्ये: हँडपंपाची ओळख

ब्रिटिश सुपरमार्केटमधल्या एलच्या बाटल्या वाईट नसतात. पण त्यावरून बिटरबद्दल मत बनवणं अन्यायाचं आहे. बारवर लाकडी किंवा चिनी मातीची मूठ असलेले उंच दांडे दिसले की समजायचं, इथे कास्क एल आहे. ही बिअर ब्रुअरीतून निघते तेव्हा तिच्यात जिवंत यीस्ट असतं. पबच्या तळघरात पिंप आडवं ठेवतात, आत शेवटचं आंबणं होतं, गाळ खाली बसतो आणि मग बारमन दांडा ओढून ती बिअर वर खेचतो. बाहेरून वायूचा दाब दिलेला नसतो. तळघराचं तापमान 11 ते 13 अंश. कोमट म्हणून जिला नावं ठेवली जातात ती बिअर प्रत्यक्षात माठातल्या पाण्याइतकी गार असते. फ्रिजच्या बाटलीची सवय झालेल्या जिभेलाच ती कोमट वाटते.

साठच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी ही पद्धत मोडीत काढून वायू भरलेली, गाळलेली बिअर सगळीकडे पसरवली. त्याविरुद्ध 1971 मध्ये 'कॅम्रा' ही ग्राहकांची संघटना उभी राहिली. तिचं 'गुड बिअर गाइड' दरवर्षी निघतं. नव्या गावात पब शोधायचा तर यासारखा दुसरा वाटाड्या नाही. तो हाताशी नसेल तर एक साधा नियम सांगतो. आठ दांडे आणि चार गिऱ्हाइकं असलेल्या पबपेक्षा दोनच दांडे आणि भरगच्च गर्दी असलेला पब चांगला. पिंप उघडलं की तीन-चार दिवसांत संपावं लागतं, नाहीतर बिअर उतरते. आठ पिंपं चार माणसं कधी संपवणार?

बारपाशी उभं राहून आधी दोन घोट चाखायला मागायला संकोच करू नका, बहुतेक पब आनंदाने देतात. मग अर्धा पाइंट घ्या. अर्धा मागणं कमीपणाचं आहे असं मानणारे मित्र सगळ्या देशांत असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. ग्लास उजेडात धरा. कास्क एल सहसा स्वच्छ दिसायला हवी (ती मुद्दाम गढूळ ठेवली असेल तर पंपावरच्या पाटीवर बहुधा लिहिलेलं असतं). व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ग्लास परत न्या आणि 'हिचा शेवट जवळ आलाय वाटतं' एवढंच सौम्यपणे म्हणा. बरा पब वाद न घालता बदलून देतो.

नावं हवीत? लंडनमध्ये फुलर्सची लंडन प्राइड सगळीकडे दिसते आणि नीट ठेवलेली असेल तर उत्तम लागते. ससेक्समध्ये ल्युइस गावच्या हार्वीजची ससेक्स बेस्ट, यॉर्कशरमध्ये टिमथी टेलरची लँडलॉर्ड, सफोकच्या किनाऱ्यावर अ‍ॅडनम्स. उत्तर इंग्लंडात पंपाच्या तोटीला बारीक भोकांची चकती लावतात, त्यामुळे बिअरवर साईसारखा फेस येतो. दक्षिणेत ती लावत नाहीत आणि बिअर जवळजवळ सपाट दिसते. दोन्हीकडचे लोक आपलीच पद्धत बरोबर म्हणून हमरीतुमरीवर येतात. मला विचाराल तर लँडलॉर्ड फेसासकट आणि हार्वीज फेसाशिवाय.

चुकीच्या देशात सापडलात तर

आता मूळ दुखणं. स्टुटगार्टमध्ये राहून बिटरची, किंवा लीड्समध्ये राहून हेलेसची आठवण येते. अशा वेळी आयात केलेली तीच बाटली शोधण्याआधी तिचा स्थानिक चुलतभाऊ शोधावा असं माझं मत आहे. प्रवासात बिअर शिळी होते. त्यातही हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड आत गेला की बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सना एक कुबट वास येतो. तपकिरी काच त्यापासून बरंच संरक्षण देते. तेव्हा आयात बाटली घ्यायचीच तर तपकिरी घ्या, दुकानाच्या खिडकीतली नको आणि तारीख वाचल्याशिवाय तर नकोच.

जर्मनीत बिटरचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे ड्युसेलडोर्फची आल्टबिअर. एलसारखीच वरच्या आंबवणीची, तांबूस आणि बऱ्यापैकी कडू. गावातल्या ऊरिगे, फ्युक्सशेन, श्लुसेल आणि शुमाखर या जुन्या ब्रुअऱ्यांत ती पिंपातून थेट ग्लासात येते. कास्कची मऊ, कमी वायूची जात मात्र हवी असेल तर उत्तर बव्हेरियातल्या फ्रँकोनियात जा. तिथली केलरबिअर न गाळलेली असते आणि तिच्यात वायूही कमी असतो. बांबेर्गच्या मार्स ब्रॉय या ब्रुअरीत नुसतं 'आ ऊ' म्हटलं की तशी बिअर समोर येते. ही खालच्या आंबवणीची लागर आहे, एल नव्हे. पण यॉर्कशर सोडून आलेल्या माणसाला पहिल्या घोटातच ओळखीचं काहीतरी सापडतं. आयरिश पब हा उपाय मी सुचवणार नाही. तिथे फुटबॉल चांगला दिसतो आणि गिनेस मिळते, कास्क बिटर क्वचितच.

ब्रिटनमध्ये जर्मन बिअर शोधणं त्यामानाने सोपं. मोठ्या सुपरमार्केटमध्ये एर्डिंगर, पाउलानर, क्रोमबाखर यांपैकी काहीतरी असतंच. फक्त बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. परदेशी नावाच्या कित्येक बिअर ब्रिटनमध्येच बनतात, आणि आपली कोब्राही त्यातलीच. नाव जर्मन आहे म्हणून बिअर जर्मनीतून आली असं धरून चालू नका. त्यापेक्षा इथल्या छोट्या ब्रुअऱ्यांनी मनापासून केलेल्या लागर बऱ्या. ब्रिस्टलच्या लॉस्ट अँड ग्राउंडेडची केलर पिल्स ताजी मिळाली तर फ्रँकोनियाच्या आसपास नेऊन सोडते. नाताळच्या जर्मन बाजारातली बिअर मात्र हौसेखातर एकदाच घ्यावी. तिथे आपण मगचे आणि दिव्यांच्या माळांचे पैसे देत असतो.

तुलना करायची तर

'जर्मन चांगली की ब्रिटिश?' हा प्रश्न असाच्या असा विचारला की उत्तर मिळत नाही. पिल्सशेजारी बिटर ठेवून काही कळत नाही. जोड्या लावाव्या लागतात. बिटरसमोर आल्ट. फिकट गोल्डन एलसमोर क्योल्श, दोन्ही हलक्या आणि वरच्या आंबवणीच्या. हिवाळ्यात डॉपेलबॉकसमोर ओल्ड एल किंवा बार्ली वाइन, दोन्ही जड आणि दोन्ही सावकाश प्यायच्या. सगळ्यात शिकवणारी जोडी म्हणजे पोर्टर आणि श्वार्त्सबिअर. दोन्ही काळ्या. डोळ्यांना सारख्या दिसतात, पण पोर्टर भरीव, कॉफी-चॉकलेटच्या अंगाने जाणारी, आणि श्वार्त्सबिअर ही मुळात लागर, सडसडीत, घोट संपला की तोंड मोकळं. वाइसबिअरला मात्र ब्रिटिश परंपरेत जोडीदार नाही, तिला एकटीच राहू द्या.

इंडिया पेल एल (आयपीए) ही ब्रिटिश बाजूची एक अवघड पाहुणी. लंडनच्या हॉजसनची आणि पुढे 1820 च्या दशकापासून बर्टनच्या ब्रुअऱ्यांची फिकट, भरपूर हॉप्सची बिअर जहाजांतून मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी येत असे. आजच्या आयपीएमध्ये मात्र अमेरिकन हॉप्सचा आंबा-संत्र्याचा वास इतका असतो की तिला जर्मन बिअरसमोर ठेवणं म्हणजे तिसऱ्याच देशाला मैदानात उतरवणं. तुलनेतून तिला वगळा.

जोडी ठरली की तीन गोष्टी सारख्या करा. पहिली ताकद. 4 टक्के आणि 6 टक्के शेजारी ठेवलं तर जास्त ताकदीची बिअर 'भरदार' वाटणारच. दुसरी तापमान, पण इथे सारखं म्हणजे ज्याचं त्याला योग्य. हेलेस आणि पिल्स 7-8 अंशांना, एल 11-13 ला. घरी करायचं तर एलची बाटली अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा. तिसरी ताजेपणा. पुढच्या आठवड्यात तारीख संपणारी बाटली कालच भरलेल्या बाटलीसमोर उभी करून निकाल देऊ नका.

मग डोळे बांधा. म्हणजे खरोखर नव्हे. घरातल्या न पिणाऱ्या माणसाला स्वयंपाकघरात तीन सारखे ग्लास भरायला सांगा. दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. तुम्ही फक्त वेगळा ग्लास कोणता ते ओळखायचं. आल्ट आणि बिटर या जोडीवर हा प्रयोग करून बघा. छातीठोकपणे 'मी शंभर एलमधून ओळखीन' म्हणणारे मित्र इथे हमखास गप्प होतात. फरक ओळखला तरच तो कशात आहे ते लिहायला बसा. ब्रिटिश बाजूला बहुधा टॉफीसारखी गोडी, फळांचा वास आणि गोल्डिंग-फगल हॉप्सचा मातकट, संत्र्याच्या सालीसारखा कडवटपणा सापडेल. जर्मन बाजूला पावाच्या कडेची चव आणि हालरटाउकडच्या हॉप्सचा गवत-फुलांचा वास. कमी कडू आधी, जास्त कडू नंतर, धुरकट सगळ्यात शेवटी. मध्ये पाणी आणि साधा पाव. कांदाभजी आणि मिसळ गुण देऊन झाल्यावर आणा, नाहीतर मिरचीच सगळ्यांना शून्य देऊन टाकेल.

मापाचाही हिशेब ठेवा. पाइंट 568 मिलिलिटरचा, जर्मन ग्लास बहुतेकदा 500 चा. 4 टक्क्यांच्या पाइंटमध्ये जवळपास 23 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं आणि 5 टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये 25. फरक किरकोळ. ऑक्टोबरफेस्टमधला एक लिटरचा मग साधारण 6 टक्क्यांचा असतो, म्हणजे 60 मिलिलिटर. 'एकच तर घेतली' हे वाक्य तिथे चालत नाही. जर्मन ग्लासावर मापाची रेघ असते आणि बिअर रेघेपर्यंत यायला हवी. फेस वर. म्युनिकमध्ये तर कमी भरलेल्या ग्लासांविरुद्ध लढणारी संघटनाच आहे. ब्रिटनमध्ये काठोकाठच्या ग्लासात फेस जास्त वाटला तर 'थोडी भरून द्या' म्हणायला हरकत नाही.

किमतीत जर्मनी जिंकते आणि त्यामागे कर हे मोठं कारण आहे. जर्मनीत साध्या अर्ध्या लिटरवर बिअरचा कर पाच सेंटही होत नाही. ब्रिटनमध्ये 5 टक्क्यांच्या तेवढ्याच बाटलीवर तो पन्नास पेन्सच्या पुढे जातो. 1 ऑगस्ट 2023 पासून ब्रिटनमध्ये सगळ्याच मद्यांवरचा कर थेट ताकदीवर बसतो आणि 3.5 टक्क्यांखाली बराच कमी होतो. त्यानंतर काही ओळखीच्या बिअर 3.4 टक्क्यांवर आल्या. जुनी आवडती बिअर पाणचट लागली तर जिभेला दोष देण्याआधी लेबल वाचा.

शाकाहारी वाचकांसाठी एक महत्त्वाची सूचना. कास्क एलमधला गाळ खाली बसवायला परंपरेने आइसिंग्लास वापरतात, आणि ते माशाच्या वाताशयापासून बनतं. पाळायचं असेल तर बारवर विचारा किंवा न निवळलेली बिअर मागा, अशा बिअर आता वाढल्या आहेत. जर्मनीत ही काळजी सहसा नाही. 1516 च्या बव्हेरियन शुद्धता नियमाची परंपरा पाळणाऱ्या बिअरमध्ये माशाचा पदार्थ वापरत नाहीत. गाडी चालवणाऱ्यांनीही सीमा ओलांडताना लक्ष ठेवावं. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा जर्मनीत आणि स्कॉटलंडमध्ये 0.5 प्रति हजार, इंग्लंड-वेल्समध्ये 0.8. जर्मनीत लायसन्स नवीन असेल किंवा वय 21 पेक्षा कमी असेल तर शून्य. तिथल्या 'बिनअल्कोहोल' बिअरमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं हेही ध्यानात असू द्या. बिनअल्कोहोल वाइसबिअर मात्र घ्यावी अशी आहे.

एकीकडून दुसरीकडे जाताना बाटल्या न्यायच्या असतील तर ब्रेक्झिटनंतर मर्यादा आहेत, पण उदार आहेत. ब्रिटनमधून जर्मनीत माणशी 16 लिटर बिअर शुल्काविना नेता येते, जर्मनीतून ब्रिटनमध्ये 42 लिटर. अर्थात हे गाडीने जाणाऱ्यांसाठी, विमानात वजन आधी आड येतं. बाटल्या चेक-इन सामानात, मोज्यांत गुंडाळून, बॅगेच्या मधोमध. ज्यांच्या तळाशी यीस्ट आहे अशा ब्रिटिश बाटल्या घरी पोचल्यावर उभ्या ठेवा आणि दोन दिवस हात लावू नका. भारतात येताना मात्र दारू, वाइन, बिअर सगळं मिळून माणशी दोन लिटरच शुल्काविना आणता येतं. चार जर्मन बाटल्या भरल्या की कोटा संपला, आणि मग सासरेबुवांच्या सिंगल माल्टचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.